टॉवेलखालचा सौदा

गणित शिकवणारा प्राध्यापक खांद्यावर टॉवेल टाकून कॉलेजात फिरतो, हे पाहून त्याच कॉलेजात नव्यानं शिकवायला लागलेल्या मला आधी वाटलं, गुंजाळ सरांना घाम फार येत असेल. कसलं काय!

सर मूळचे बेल्ह्याचे, आजोबा बैलबाजारात दलाल. तिथं भाव तोंडानं सांगत नाहीत. टॉवेलखाली हात घालून समोरच्याची बोटं दाबून आकडा कळवतात, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नाही. पोरांचा आत्मविश्वास वाढवायचं गट समुपदेशन सरांच्या गळ्यात पडलं, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुणाला काय जड जातं?" सगळी पोरं फरशी बघत बसली. पुढच्या वेळी सर टॉवेल घेऊनच आले.

"जेवढे विषय डोक्यावरनं जात्यात, तेवढी बोटं दाबा. बोभाटा न्हाई!"

पोरं हसली, पण हात घातले. एकानं तर दोन्ही घातले. सर खूश! "बोटं लई झाली राव. म्हंजे हितं कुणीच एकटं न्हाई."

हा गट पाचला सुटायचा, म्हणजे कागदावर. शिपाई किल्ल्या वाजवून दमायचा. मी सरांच्याच मोटारसायकलवर नारायणगावला जायचो, त्यामुळे बाहेर ताटकळत बसायचो. "अहो सर, चला की!" म्हटलं की आतून आवाज यायचा, "एकच सौदा राहिलाय!" असा राग यायचा म्हणून सांगू!

त्यात दत्ता आला. डोंगरपट्ट्यातला, गणितात दोनदा नापास. "सर, मला न्हाई जमणार. मी घरी चाललो, भातलावणीला," म्हणत बॅग भरूनच आला होता.

"दात बघितल्याबिगर बैल परत करू न्हाई, आन् पेपर बघितल्याबिगर कॉलेज सोडू न्हाई," सर म्हणाले. रोज त्याला फळ्यापाशी उभं केलं. चुकला की अख्खा गट ओरडायचा, "भाव वाढव, दत्ता!" बॅग तशीच कोपऱ्यात पडून राहिली.

निकालाच्या दिवशी दत्ता पेढे घेऊन आला, तेव्हा मीही आत बसलो होतो. पास! आणि म्हणाला, "सर, आता तुमी हात घाला."

"मला काय जड जातंय, येड्या?"

पोरं ऐकेनात. सरांनी हसत टॉवेलखाली हात घातला. दत्ताचं हसू थांबलं.

"एक बोट. सर, कंचा विषय?"

सर टॉवेलाचं टोक चुरगाळत राहिले. "घर," ते म्हणाले. "बायको गेल्यापास्नं कुलूप मलाच काढावं लागतं रे."

गट पाचला का सुटत नव्हता, ते आत्ता कळलं. "बसा हो सर," मी म्हटलं, "मला काही घाई नाही."

दत्तानं नाक पुसलं. "उद्या रविवार हाय. आमी समदी एसटीनं येतो. गट तुमच्या ओट्यावर. बोला, सौदा मंजूर?"

सरांनी पुन्हा टॉवेल पुढं केला, आणि खाली बराच वेळ दत्ताचा हात धरून ठेवला.