सात ताऱ्यांची शाळा आणि वाळूच्या गोण्या

लेकीच्या शाळेच्या गुणवत्ता मूल्यमापन समितीवर पालक-प्रतिनिधी म्हणून माझी नेमणूक झाली, ती माझ्या नोकरीमुळे. मी लिफ्ट तपासनीस आहे. लिफ्ट माणसांना न्यायला योग्य आहे की नाही हे ठरवून मी प्रमाणपत्रावर सही करतो. गेली एकोणीस वर्षं माझा एकच नियम आहे: आधी लिफ्टमध्ये वाळूच्या गोण्या चढवायच्या, मग आपण चढायचं, शेवटच्या मजल्यापर्यंत जाऊन खाली यायचं, आणि धडधाकट असलो तर सही करायची.

"तिथे गोण्या घेऊन जाऊ नका म्हणजे मिळवली," बायको म्हणाली.

शाळा खाजगी असून आंतरराष्ट्रीय होती. हे दारातच कळावं म्हणून दर्शनी भिंतीवर आठ देशांची वेळ दाखवणारी आठ घड्याळं टांगली होती. इथली वेळ दाखवणारं मात्र एकही नव्हतं. विचारलं तर स्वागतिका म्हणाली, "ती काय, सगळ्यांना माहीतच असते," आणि तिनं मी उशिरा आल्याची नोंद केली.

शाळेला आजवर सहा तारे मिळालेले होते. सातव्यासाठी एका प्रमाणन संस्थेचे मुख्य मूल्यमापक आले होते. निकष दोनशे बारा. प्रत्येक निकषाला पुरावा हवा, आणि शेवटी पालक-प्रतिनिधीची सही. सहीशिवाय तारा नाही, हे कळल्यावर मला खुर्चीत जरा उंच झाल्यासारखं वाटलं.

गुणवत्ता संचालिकाबाईंनी फाइल उघडली. निकष क्रमांक सत्तेचाळीस: कुतूहल. पुरावा: कुतूहल दर्शवणाऱ्या विद्यार्थ्यांची किमान सहा छायाचित्रं. सहाही फोटोंत सहा वेगवेगळी मुलं एकाच भिंगातून बघत होती. मी निरखून बघितलं. भिंगात काच नव्हती.

"फुटली दोन वर्षांपूर्वी," संचालिका म्हणाल्या. "पण बरंच झालं. काचेवर प्रकाश चमकायचा, मुलांचे डोळे नीट यायचे नाहीत."

"आपण एखादा वर्ग बघू या का?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मुख्य मूल्यमापक आठवड्याला सात शाळा तपासत. त्यांना असं कुणी विचारलं नसावं.

"वर्गात व्यत्यय नसणे हा तिसरा निकष आहे," ते शांतपणे म्हणाले. "आपण आत गेलो की शाळा तिथेच नापास."

शेवटी माझ्या हट्टाखातर वर्ग काचेतून बघायचं ठरलं. माझ्या लेकीचाच वर्ग होता, चौथीचा. घरी आम्ही तिला ठकी म्हणतो. गेल्या वर्षापर्यंत ठकी भागाकार म्हटलं की पोटात दुखतंय म्हणून पांघरुणात शिरायची. आत गणिताच्या बाई जमिनीवर बसल्या होत्या. त्यांच्यासमोर शर्टाच्या बटणांचा ढीग होता आणि मुलं वाटण्या करत होती. ठकीची वाटणी चुकली. बाईंनी तिची चूक तिलाच शोधू दिली. ठकीनं बटणं परत गोळा केली, पुन्हा वाटली, आणि स्वतःशीच हसली. मला एकदम भरून आलं, उगाच कशाला लपवू.

"ह्याच त्या," संचालिका हळूच म्हणाल्या. "ह्यांची फाइल कोरी आहे."

तास संपल्यावर बाईंना कचेरीत बोलावलं गेलं. मूल्यमापकांनी पुरावा मागितला.

"मुलं आहेत ना वर्गात," बाई म्हणाल्या. "विचारा की त्यांना काहीही."

"मुलं जोडपत्रात लावता येत नाहीत, बाई. फोटो?"

"फोटो काढायला उठले की बटणं पांगतात हो."

बाई गेल्यावर मूल्यमापकांनी निष्कर्ष सांगितला. पुराव्याविना शिकवणं म्हणजे कागदोपत्री न शिकवणं. न शिकवणाऱ्या व्यक्तीला शिक्षिका म्हणून ठेवणं हा गंभीर दोष. तो दूर केला की सातवा तारा नक्की.

"पण माझी मुलगी ह्यांच्यामुळेच भागाकार शिकली," मी म्हणालो.

"फोटो आहे?"

"नाही."

"मग शिकली असं आपल्याला म्हणता येणार नाही."

मी पेन खाली ठेवलं. एकोणीस वर्षांचा नियम होता, मी तसा अडून बसलो. तेव्हा संचालिकाबाई अगदी मायेनं म्हणाल्या, "सर, तुमची मर्जी. मग तुमची मुलगी सहा ताऱ्यांच्याच शाळेत राहील."

आता हे सांगायला हवं की माझ्या साडूच्या मुलाच्या शाळेला गेल्याच महिन्यात सातवा तारा मिळाला होता. साडू पाणी मागतानासुद्धा त्याचा उल्लेख करायचा. मी पेन उचललं आणि सही केली. सही सुरेख आली.

गणिताच्या बाई त्याच आठवड्यात शाळा सोडून गेल्या. पुढच्या महिन्यात शाळेकडून चौकटीत बसवलेला फोटो आला. ठकी फळ्यासमोर उभी, गालाला खळी, फळ्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं: बेचाळीस भागिले सहा बरोबर आठ.

बायकोनं तिथल्या तिथे शाळेला फोन लावला. संचालिका म्हणाल्या, "निकषात 'हसतमुखाने भागाकार' एवढंच आहे, ताई. उत्तराचा निकष नाही. पण खळी बघा ना किती छान आली आहे."

जेवताना ठकीनं विचारलं, "बाबा, तू लिफ्टमध्ये स्वतः चढून बघतोस ना?"

"हो."

"मग आमच्या वर्गात का नाही आलास?"

मला लाज वाटली. अगदी खरोखरची. ती चांगली दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी साडू घरी आला, त्यानं सातव्या ताऱ्याचं नाइलाजानं अभिनंदन केलं, आणि ती गेली.

माझ्या साहेबांचा नातूही ह्याच शाळेत. त्यांनी शाळेच्या मूल्यमापनाचा अहवाल वाचला आणि ते भारावून गेले. वाळूच्या गोण्या म्हणजे लिफ्टवर दाखवलेला अविश्वास, असं त्यांचं मत पडलं. आता इमारतींनी लिफ्टचे सहा फोटो पाठवायचे: एकात दार उघडं, एकात बंद, आणि उरलेल्या चारांत आत हसतमुख रहिवासी. पूर्वी मी दिवसाला तीन लिफ्ट तपासायचो. आता खुर्चीतून न उठता चाळीस होतात. मागच्या आठवड्यात एका फोटोत दाराच्या जाळीतून लिफ्टच्या वरचा दोर विरलेला दिसत होता. पण रहिवाशांचे चेहरे फार प्रसन्न होते, आणि दोराचा निकष नाही.

आमचं घर सातव्या मजल्यावर आहे. ठकी आणि मी हल्ली जिन्यानं जातो. एकूण पायऱ्या एकशे सव्वीस. मजल्याला किती, हे मी तिला रोज विचारतो. ती थांबते, खळी पाडून हसते आणि फोटोची वाट बघते.

तुमच्या लिफ्टमध्ये आरशाशेजारी एक प्रमाणपत्र लावलेलं असेल. वर जाता जाता खालची सही बघा. सुरेख आहे. माझीच आहे.