रुद्रशिखराचा पाण्याचा अर्ज

रुद्रशिखर किल्ल्यावरच्या एकशे बेचाळीस माणसांनी सोमवारी सकाळी पाण्यासाठी लेखी अर्ज केला. किल्ला व्हिडिओ गेममधला असल्यामुळे अर्ज साताऱ्याच्या ऑफिसातल्या प्रिंटरमधून आला. तीन प्रती होत्या आणि खाली एकशे बेचाळीस अंगठे होते.

अर्ज सुलोचना धोत्रेच्या टेबलावर गेला, कारण ते जग तिने रचलेलं होतं. डोंगर कुठे, वाट कुठून, गडावर सण कोणते, कोण कुणाला मुजरा करतं, हे गेली दोन वर्षं तीच ठरवत आली होती. तिने अर्ज उभ्यानेच वाचला. 'गडावर पाण्याची सोय नाही. खंदकात जे निळे दिसते ते पाणी नसून रंग आहे. येत्या शुक्रवारी वेढा बसणार असल्याचे समजते. तरी त्यापूर्वी एक टाके मिळावे, ही विनंती.' पहिला अंगठा सोनाबाई पाणकी हिचा होता.

सुलोचनाला सोनाबाई आठवली. डोक्यावर घागर घेऊन गडाची वाट चढणारी बाई. गडाला जरा जिवंतपणा यावा म्हणून तिनेच ती घातली होती. बाई वर पोचली की पुन्हा खालून चढायला लागे. घागरीत पाणी आहे की नाही याची फिकीर कुणी केली नव्हती, कारण खेळणाऱ्याला घागरीत डोकावता येत नव्हतं. म्हणजे दोन वर्षं ही बाई रिकामी घागर वाहत होती. सुलोचनाला स्वतःची लाज वाटली.

"आवक नंबर टाका," इनामदार म्हणाले. मकरंद इनामदार कंपनीचे मालक. गेम काढायच्या आधी त्यांची बावीस वर्षं सरकारी नोकरीत गेली होती आणि कागद दिसला की त्यांना अजून हुरूप यायचा. "पण मंजूर होणार नाही, आत्ताच सांगतो. शुक्रवारी गेम बाजारात जातोय. गेल्या बुधवारपासूनच काम गोठवलंय. आता नवीन बांधकाम नाही."

"सर, गडावर माणसं आहेत."

"मग खंदक दिलाय ना त्यांना?"

खंदक हीच तर खरी मेख होती. सुलोचनाने सुरुवातीला सरळ सह्याद्रीतला गड काढला होता. इनामदारांना तो फारच घरचा वाटला. परदेशी गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी त्याला फ्रान्सकडचे टोकदार बुरूज, राजस्थानचे झरोके आणि डोंगराच्या पायथ्याशी एक खंदक लावायला सांगितला. ड्रॅगन पुढच्या आवृत्तीत यायचा होता, पण त्याच्या बसण्याचा चौथरा गडाच्या मधोमध आत्ताच बांधून तयार होता. या लगीनघाईत पाणी तेवढं राहून गेलं.

सह्याद्रीतली रीत अशी की आधी पाणी बघायचं आणि मग गड बांधायचा. कातळात टाकं खोदायचं आणि त्यातून निघालेल्या दगडाचाच तट रचायचा. सुलोचनाला हे कुठल्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं. तिचा बाप पाथरवट, आजा पाथरवट. घरात मीठमिरचीच्या बरोबरीने दगडाचं बोलणं व्हायचं. तरीही तिने आधी तट काढला होता, कारण तट चित्रात उठून दिसतो. चूक तिची होती आणि ती निस्तरल्याशिवाय घरी जायचं नाही, असं तिने ठरवलं. तिने सुनावणी मागितली.

सुनावणी मंगळवारी अकराला झाली. मोठ्या स्क्रीनवर सोनाबाई घागर घेऊन उभी होती. तिला बसण्याची हालचाल दिलेली नव्हती, त्यामुळे इनामदारांनी बसायची परवानगी देऊनही ती उभीच राहिली. टेबलाच्या एका बाजूला फिरोज मुल्ला होता. या जगाचे नियम कॉम्प्युटरला समजावून सांगणं हे त्याचं काम. दगडाच्या विषयातले तज्ज्ञ म्हणून सुलोचनाने आपल्या वडिलांना, हणमंतअण्णांना, आणलं होतं. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

"बाई, तुमची मागणी काय?" इनामदारांनी विचारलं.

"पानी."

"कोणत्या कारणासाठी?"

यात काही डाव आहे का, असं सोनाबाईला वाटलं असावं. "पिन्यासाठी, सायेब."

फिरोजने लिहून घेतलं.

"दोन वर्षं पाण्यावाचून काढलीत. मग आत्ताच अडचण का?"

"आजवर तहान न्हवती लावलेली आमास्नी," सोनाबाई म्हणाली. "वेढा बसला का तहान चालू व्हनार हाय. ह्या ताईनंच लिवलंय तसं."

सुलोचनाने मान खाली घातली. वेढा खरा वाटावा म्हणून तिने तहान लिहिली होती, आणि लिहिताना फार खूशही झाली होती.

अण्णांचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ते सोनाबाईच्या मागच्या तटाकडे टक लावून बघत होते. "सायेब," ते म्हणाले, "ह्यो दगूड आनला कुठनं?"

फिरोजने नोंदी चाळल्या. "तटात नऊ हजार चिरे आहेत. खाण कुठेच दिसत नाही."

"आणि नियम काय आहे?" सुलोचनाने विचारलं. नियम तिनेच लिहिलेला होता, पण तो दुसऱ्याच्या तोंडून यावा असं तिला वाटत होतं.

"या जगात दगड नव्याने तयार होत नाही आणि नाहीसाही होत नाही," फिरोजने वाचलं. "एकीकडून काढला तरच दुसरीकडे लागतो."

"मंग खड्डा ऱ्हायलाय तुमचा," अण्णा म्हणाले. "नऊ हजार चिऱ्यांचा खड्डा. भित हुबी हाय म्हंजी खड्डा पायजेच. आमच्यात असं काम सोडून कुनी गेला, तर त्याला पंगतीला घेत न्हाईत."

काम गोठवल्यावर नवीन काही करता येत नाही, पण अपुरं राहिलेलं पुरं करता येतं, हे कलम खुद्द इनामदारांनी घातलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी 'प्रलंबित खड्डा' असं शीर्षक घालून मंजुरी लिहिली. जागेचा प्रश्न निघाला, तेव्हा गडावर ड्रॅगनच्या चौथऱ्याखेरीज मोकळा कातळच नसल्याचं दिसलं.

"आणि ड्रॅगन?" इनामदारांनी विचारलं.

"काठावर बसेल," सुलोचना म्हणाली.

मंगळवारी दुपारी खोदाई सुरू झाली. गडावर खोदण्याची हालचाल कुणालाच येत नव्हती. शिपायांना भाला खुपसता येई, बायकांना चालता येई, पुजाऱ्याला फक्त घंटा वाजवता येई. घण मारणं एकट्या लोहाराला येत होतं. नवीन हालचाल द्यायला बंदी होती. असलेली वाटून घ्यायला मात्र हरकत नव्हती. फिरोजने लोहाराचा घाव एकशे एकेचाळीस जणांत वाटला. पुजाऱ्याने पहिला घाव घातला तो घंटेवर, पण नंतर त्याचाही हात बसला.

अण्णा स्क्रीनसमोर खुर्ची टाकून बसले. "आडवंतिडवं हानू नगा. कातळाला शीर असतीया. ती हुडका. शिरंवर घाव घाला, दगूड आपून सुटतोया." घसा बसला तरी ते बोलत राहिले. सुलोचना त्यांना चहा आणून देत होती आणि गडावरच्या एकेकाला नावाने हाका मारत होती. एकशे बेचाळीस नावं तिनेच ठेवलेली होती, पण आजवर कधी मोठ्याने घेतली नव्हती.

खड्ड्यातून एक चिरा निघाला की तटातला एक चिरा भरीव होत होता. तोवर तट आतून पोकळ होता, हे खोदाई सुरू झाल्यावरच कळलं. संध्याकाळपर्यंत चौदाशे चिरे निघाले. बुधवारी पाच हजारांवर आकडा गेला आणि वाऱ्याने हलणारा दक्षिण बुरूज हलायचा थांबला. गुरुवारी दुपारी तीनला नऊ हजारावा चिरा सुटला. चार वाजता रुद्रशिखरावर रोजच्याप्रमाणे शोभेची सर आली. आजवर ती कुणाला न भिजवता जमिनीतून आरपार जात असे, कारण तिला साठायला जागाच नव्हती. त्या दिवशी ती टाक्यात साठली. सोनाबाईने ओंजळ भरली, बघितली आणि परत आत सोडली. तहान शुक्रवारपासून लागायची होती.

अण्णांनी टोपी डोक्यावर चढवली. "झालं," ते म्हणाले आणि पाचच्या एसटीने गावी गेले.

साडेपाचला इनामदारांनी सुलोचनाला आत बोलावलं. त्यांच्यापुढे कथेची फाईल उघडी होती.

"सुलोचनाताई, हे अक्षर तुमचं ना?"

फाईलमध्ये लिहिलं होतं: चाळिसाव्या दिवशी गड पडतो.

"माझंच."

"कशाने पडतो?"

ते तिने लिहिलेलंच नव्हतं. लिहिताना तिला फक्त एक भव्य शेवट दिसला होता: तुतारी, धूर, मावळता सूर्य. गड कशाने पडतो हे तिने गडावर सोडलं होतं आणि पाणी नसलेल्या गडाने ते तहानेवर सोडलं होतं.

"खेळणारे सगळे वेढ्याच्या फौजेत आहेत," इनामदार म्हणाले. "बारा हजार माणसांनी आधीच नाव नोंदवलंय. गड पडला नाही तर गेम संपणार कसा? टाक्याला एक चीर ठेवा. बारीकशी. चाळीस दिवसांत पाणी जिरेल."

"नाही."

"नवीन बांधकाम नाही ते. दुरुस्तीत बसतं."

"सर, कशातही बसू दे. मी करणार नाही," सुलोचना म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची तिची इच्छा नव्हती. "ज्या माणसांना मी नावं दिली, त्यांना मी तहानेने मारू? ही ओळ बघून ते बिनतक्रार मरतील असं वाटतं तुम्हाला?"

इनामदार वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी विचार केला आणि नियमाप्रमाणे तोडगा काढला. कथा बदलता येत नाही, चीर ठेवायला कर्मचारी तयार नाही; तेव्हा गडाला तसं लेखी कळवावं आणि त्याने स्वतःहून पडावं. पत्र त्यांनीच लिहिलं. वाचून दाखवण्याचं काम सुलोचनाकडे आलं.

गडावरची माणसं टाक्याभोवती जमली. सुलोचनाने पत्र एका सुरात वाचलं. 'मंजूर कथेनुसार आपला गड चाळिसाव्या दिवशी पडणे अपेक्षित आहे. तरी आपण त्या दिवशी पडावे व सहकार्य करावे.' वाचून होईतो तिचे डोळे भरून आले होते. तिने ते पुसले नाहीत.

सगळ्यांनी किल्लेदाराकडे बघितलं. किल्लेदाराला चार वाक्यं दिलेली होती आणि चारही मुजऱ्याची होती. म्हणून सोनाबाई पुढे झाली.

"कुनी लिवलंय हे?"

"मी."

"कवा?"

"दोन वर्षांपूर्वी."

"तवा पानी न्हवतं," सोनाबाई म्हणाली. "आता हाय. तुझं काय चुकलं न्हाई, बाई. पर लिवलंय म्हनून कोन मरतंय व्हय? सायबास्नी सांग, आमी न्हाई पडनार."

फिरोजने उत्तर लिहून घेतलं: 'गड पडण्यास तयार नाही.' इनामदारांनी त्याला आवक नंबर दिला, फाईलला लावलं आणि डोक्याला हात लावून बसले.

शुक्रवारी दहाला गेम बाजारात गेला आणि वेढा बसला. गेममधले चार दिवस म्हणजे ऑफिसचा एक. खेळणाऱ्यांनी तोफा डागल्या, पण भरीव तट ढिम्म हलला नाही. शिड्या लावल्या, त्या खंदकाच्या रंगात घसरल्या. विसाव्या दिवशी वेढ्याच्या सरदाराने निरोप धाडला की आता पाणी संपत आलं असेल, खाली या. गडावरून उत्तर गेलं नाही. तहान चालू होती आणि टाकं होतं. सुलोचना रोज सकाळी सगळ्यांत आधी येऊन टाक्यातली पातळी बघत होती. पातळी उतरे आणि चारच्या सरीने पुन्हा चढे.

चाळिसावा दिवस उजाडला आणि मावळला. तुतारी वाजली, धूर झाला, सूर्य नेमून दिल्याप्रमाणे बुडाला. गड उभा होता.

एकेचाळिसाव्या दिवसासाठी कुणी काहीच लिहिलेलं नव्हतं. सकाळी शिपाई पहाऱ्यावर गेले आणि पुढे काय करायचं ते न कळून उभे राहिले. पुजारी घंटेशी थांबला. इनामदार, फिरोज आणि सुलोचना स्क्रीनसमोर होते. कुणाला काही सांगावं, तर सांगायला ओळ नव्हती. इनामदार हळूच म्हणाले, "आता?"

सोनाबाईने इकडेतिकडे बघितलं. चाळीस दिवसांत जीव वाचवायच्या नादात घरचं एकही काम झालेलं नव्हतं. ती आत गेली आणि लुगडी घेऊन आली. टाक्याच्या कडेला एक लुगडं भिजवून तिने कातळावर ठेवलं. धुण्याची हालचाल तिला नव्हती. लोहाराचा घाव होता, तो तिने घातला. लुगडं स्वच्छ निघालं. मग बाकीच्या बाया आल्या. घटकाभराने शिपायांनीही मुंडासी काढली. आपटल्याचा आवाज पार खंदकापर्यंत गेला.

दुपारपर्यंत सबंध तटावर धुणं वाळत पडलं होतं. हिरवी, जांभळी नऊवारी लुगडी बुरुजावरून खाली सोडलेली होती आणि त्यांतून पाणी ठिबकत होतं. ते थेट खाली उभ्या असलेल्या फौजेच्या अंगावर पडत होतं. सरदाराने हात पुढे करून एक थेंब घेतला. जिभेवर ठेवला. मग त्याने मान वर करून लुगडी मोजायला सुरुवात केली आणि साठाच्या पुढे मोजणं सोडून दिलं.

"यांच्याकडे धुवायला पाणी आहे," तो म्हणाला. हे वाक्यही कुणी लिहिलेलं नव्हतं. त्याने वेढा उठवायचा हुकूम दिला. बारा हजार खेळणाऱ्यांनी तंबू गुंडाळले, तोफा ओढल्या आणि संध्याकाळच्या आत मैदान मोकळं झालं.

इनामदारांनी फाईल बंद केली आणि 'निकाली' असा शिक्का मारला. खेळणाऱ्यांच्या तक्रारींसाठी दोन माणसं फोनवर बसवली होती, पण तक्रार एकही आली नाही. एका खेळणाऱ्याने फक्त विचारलं की एवढं जाड नऊवारी लुगडं वाळायला किती वेळ लागतो.

सुलोचनाने स्वतः उत्तर लिहिलं. गडावर वारा असला तर दीड तास. काठाला थोडा जास्त.