थकबाकीदारांचा मान

कर हा राज्याचा कणा असतो आणि लाज हा कराचा. हे सत्य जांभूळदांड ग्रामपंचायतीला युरोपात सापडलं.

सरपंच श्रीपतीआबा अभ्यासदौऱ्यावर एका चिमुकल्या युरोपीय देशात जाऊन आले. देश इतका लहान, की पावसाळ्यातल्या रविवारी त्याहून जास्त माणसं लोणावळ्यात मक्याची कणसं खातात. तिथे कोणी किती कर भरला, हे कोणालाही पाहता येतं. म्हणून लोक लाजेकाजेस्तव भरतात आणि तिजोरीत खडखडाट होत नाही. आबांनी जाताना चिक्की नेली, येताना हे धोरण आणलं.

लगोलग पंचायतीच्या भिंतीवर घरपट्टी-पाणीपट्टी थकवणाऱ्यांचा फलक लागला, सर्वांत मोठी बाकी सर्वांत वर. गावाला लाजायला महिनाभराची मुदत होती. गावाने ती मिरवण्यात घालवली. बाकी मोठी म्हणजे घर मोठं आणि पंचायतीला न भिणारं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पहिल्या क्रमांकाच्या धोंडिबाशेठना जत्रेत कुस्त्यांचा नारळ फोडायचा मान मिळाला. दुसऱ्याने अभिनंदनाचा फ्लेक्स लावून घेतला. तिसऱ्याने वर सरकण्यासाठी जादा दंड मागितला (तशी तरतूद नव्हती, करण्यात आली). वसुली जवळजवळ शून्यावर आली. धोरणाला एवढा लोकसहभाग युरोपातही लाभला नसेल.

अपवाद एकच, सरुबाई. दर एप्रिलमध्ये, रांग नसतानाही रांगेत उभी राहून ती पट्टी भरायची. साहजिकच तिचं नाव फलकावर नव्हतं. तिच्या नातीला, सारिकाला, पाहायला तिकोणा पेठेची मंडळी आली. त्यांनी आधी फलक वाचला, मग पोहे खाल्ले आणि ‘कळवतो’ म्हणून गेली. सारिकाला मुलगा मनापासून आवडला होता. ती अन्नाला तोंड लावेना.

सरुबाई तडक पंचायतीत आली.

“आबा, माजं बी नाव टाका की त्या फळ्यावर.”

“मावशी, तुमची बाकीच न्हाई. टाकू कसं?”

“मग भरल्यालं पैसं माघारी द्या. पोरीचं लगीन मोडतंय हितं!”

ग्रामसभेने एकमताने ठराव केला (एरवी एकमत फक्त चहावर होतं) आणि तिची आजवरची पट्टी परत दिली. नाव झळकलं, लग्न जमलं. मात्र पाण्याच्या मोटारीचं वीजबिल इतकी वर्षं तिच्याच पैशांतून भागत होतं, हे वीज तोडल्यावर उघड झालं. धरण उशाला असलेल्या गावात लग्नाचं पाणी टँकरने आलं. टँकरवाल्याला रोख पैसे देताना सरुबाईला रडू फुटलं. लोकांना वाटलं, नातीसाठी.

आपल्याला हसू येत असेल. येणारच, आपण सुशिक्षित आहोत. आपली घरपट्टी काही अडाणीपणाने थकलेली नाही; आपण व्याजमाफीच्या अभय योजनेची वाट पाहत आहोत. आणि तरीही सकाळी नळाला पाणी येतंय. म्हणजे आपल्याही गल्लीत कुणीतरी मुकाट्याने भरत असणार. तिच्या घरात लग्नाची मुलगी नाही ना, एवढं मात्र पाहून ठेवा.