मामूंची सरहद्द

सौदीतल्या आमच्या खोलीत युसुफमामू न्यायनिवाडा करताना टोपी घालतात. टोपी साधी गवताची, खजुराच्या बागेत उन्हासाठी घालतात तसली. पण ती डोक्यावर चढली की मामू खजूर भरणारे मामू राहत नाहीत, हवालदार होतात. "ही सरहद्द आहे. इथं कायदा मी!"

मध्यंतरी कुणीतरी माझे सुके बोंबील खाल्ले. मामूंनी सगळ्यांचे हात हुंगले आणि शिक्षा मलाच झाली. "वास तुझ्याच हाताला येतोय." बोंबील माझेच, वास येणारच. पण टोपीपुढे बोलणार कोण? आठवडाभर भांडी घासली.

हे खूळ एका सिनेमामुळे लागलं. मामूंच्या मोबाइलवर एक कुर्दी सिनेमा आहे. डोंगर, घोडे, बंदुका आणि सरहद्दीवरच्या गावात कायदा आणायला आलेला एक हवालदार. बोलणं कुर्दी, खाली अक्षरं अरबी. मी सातवीत शाळा सोडलेला, मामू त्याच्याही आधी. दोघांना ओ की ठो कळत नाही. तरी दर शुक्रवारी जेवणानंतर मामू मला गोष्ट समजावतात.

"हा मिशीवाला चोर."

"मामू, गेल्या शुक्रवारी हा त्या बाईचा बाप होता."

"बाप चोर नसतो काय रे? लक्ष दे!"

मेलेला माणूस पुन्हा घोड्यावर दिसला तर तो त्याचा भाऊ. मी विचारायचं सोडून दिलं.

इथं बुरैद्यात खजुराचा हंगाम ऐन भरात आला आणि गावाहून फोन आला, बहिणीचा निकाह ठरला. बाप नाही, उभं राहायला मी एकटा. कफील, म्हणजे आमचा मालक, म्हणाला, हंगामात सुट्टी नाही, खलास. मी मामूंना सांगितलं. मामूंनी टोपी उचलली. "चल. बघू त्याचा कायदा."

तिथं जाऊन हे 'कायदा मी' म्हणाले, तर सुट्टी राहिली बाजूला, नोकरीच जायची.

कफीलच्या दारात मामूंनी टोपी काढून पोटाशी धरली. मान खाली घालून मोडक्या अरबीत कितीतरी वेळ बोलत राहिले. अर्धं मला कळलं नाही, अर्धं कफीललाही कळलं नसावं. शेवटी त्यानं विचारलं, हा तुझा कोण?

"वलदी," मामू म्हणाले. माझा मुलगा.

मामूंना मूलबाळ नाही, हे खजूर भरायच्या शेडमधल्या मांजरालाही ठाऊक आहे. कफीललाही आहे. तरी मोबाइलवर अंगठा फिरवून त्यानं माझा जाण्यायेण्याचा व्हिसा काढला. "यल्ला, जा."

बाहेर आल्यावर मी बाहीनं डोळे पुसले. मामूंनी टोपी चढवली. "रडतोस काय? आज भांडी तुझी."

निघायच्या आधीच्या शुक्रवारी पुन्हा सिनेमा लागला. हवालदारानं एका पोराला दोरीनं बांधून आणलं होतं.

"हा त्याचा मुलगा," मामू म्हणाले.

"मामू, गेल्या वेळी हा कैदी होता."

"होता," मामू पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "आता त्याचा आहे."