जब्बारचाचांच्या रेडिओची घूंऽऽ

बंद पडलेल्या यंत्राला हात लावण्याआधी ढोकीतले आमचे शेजारी, रेडिओ-स्पीकर दुरुस्त करणारे जब्बारचाचा, त्याला दिवा दाखवतात. थट्टा नव्हे. दोन वायरी जोडलेला बल्ब ते आतल्या कपॅसिटरच्या पायांना टेकवतात. बल्ब क्षणभर पेटतो, विझतो आणि मग चाचा कामाला लागतात. "प्लग काढला तरी ह्याच्या पोटात करंट ऱ्हातो. आधी रिकामं करायचं, मग हात लावायचा."

हा नियम माणसांनाही लागू. मंडपवाला अ‍ॅम्प्लिफायर घेऊन तणतणत आला, की चाचा त्याच्यापुढं चहा ठेवतात. तो ओरडून दमला, की मगच खोकं उघडतात. एकदा या गड्यानं कपॅसिटर स्वतःच बदलला. तोही उलटा, आणि पंचवीस व्होल्टच्या जागी सोळाचा. ऐन वरातीत फाटकन आवाज झाला आणि नवरदेवासकट घोडं उधळलं. चाचांनी नुसता वास घेतला. "पंचवीसच्या जागी पस्तीस चालतो, सोळा न्हाय. सदरा अंगापेक्षा मोठाच असावा." त्यांचा स्वतःचा सदरा गुडघ्याखाली लोंबतो.

रस्त्यानं जाताना कुणाच्या स्पीकरची घरघर ऐकून हा माणूस सांगतो, "ह्याचा फिल्टरचा कपॅसिटर गेलाय." उघडून पाहावं तर तेच! मी दरवेळी तोंडात बोट घालतो.

आणि याच माणसाच्या घरच्या रेडिओला तीच खोड. आवाजाचं बटण पार बंद, तरी घूंऽऽ चालूच. आमच्या मधल्या भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं. एकदा मी वैतागलोच. "चाचा, तुमच्याच घरात दिव्याखाली अंधार?"

"चाचीला दिसत न्हाय ना आता," ते हळूच म्हणाले. "गाणी लावली की तिचं डोकं उठतं. म्हणून नुसती घूं ठेवतो. घूं चालू म्हंजे मी घरात. तिला सारखी हाक मारावी लागत न्हाय."

त्या दिवसापासून मला ती घूं गोड वाटू लागली.

गेल्या महिन्यात त्या कपॅसिटरचं डोकं फुगलं. फुटला असता तर रेडिओच गेला असता. चाचा बरेच दिवस टाळत राहिले, पण शेवटी त्यांनी तो बदलला. भिंतीपलीकडं एकदम शांत झालं. मग चाचीच्या हाका सुरू झाल्या. "हैं क्या जी? घर में हैं क्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घूंऽऽ! नवा कपॅसिटरही गेला की काय म्हणून मी डोकावलो. रेडिओचा प्लग काढलेला होता. चाचा उंबऱ्यावर लसूण सोलत बसले होते. तोंड मिटलेलं, मान किंचित हलतेय आणि घशातून घूंऽऽ.

आतून चाची म्हणाली, "बीच में जरा दम लेव जी. मालूम है मेरे को, घर में हैं करके."

चाचांनी दम घेतला आणि पुन्हा सुरू केलं.