नवसात अडकलेला टोमणा

देवाला दिलेला शब्द रीतसर परत घेता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बहुतेक लोक तो परत न घेताच विसरून जातात. कॅथॉलिक ख्रिस्तसभेने मात्र ही बाब माणसाच्या विसराळूपणावर सोडलेली नाही. खाजगी नवस केला आणि तो पुढे पेलेनासा झाला, तर आपल्या चर्चच्या फादरांकडे जावे, योग्य कारण सांगावे, आणि फादरांना पटले तर मोकळे होऊन घरी यावे. अट एकच: या मोकळिकीने तिसऱ्या कोणाच्या हक्काला धक्का लागता कामा नये. (अट लिहिणाऱ्याने पुणे पाहिलेले नसावे.)

विश्रांतवाडीच्या पूर्णिमा साळवेला हा कायदा शिकावा लागला तो टोमण्यापायी.

टोमणा ही पुण्याची सर्वात भरवशाची नागरी सुविधा आहे. नळाला पाणी येईल न येईल, टोमणा चोवीस तास पूर्ण दाबाने येतो. त्याने लांबलेले पाहुणे उठतात, शेजारी गेलेल्या कढया परत येतात, रांगा सरळ राहतात. पूर्णिमा कसबा पेठेत वाढलेली. तिथे "हे नीट चालतं ना?" असे विचारले की दुकानदार म्हणतो, "नाही, तुम्ही येणार म्हणून मुद्दाम बिघडवून ठेवलंय," आणि दोन्ही पक्ष समाधानाने व्यवहार पुरा करतात. अशा तालमीत तयार झालेली मुलगी लग्न होऊन विश्रांतवाडीला आली, तेव्हा तिच्या अंगावर दागिने बेताचे होते. जीभ मात्र अस्सल बावीस कॅरेटची होती.

नवस असा झाला. तिची मुलगी वेळेच्या बरीच आधी जन्मली आणि काचेच्या पेटीत ठेवली गेली. तळहाताएवढी पाठ, जोंधळ्याच्या दाण्यासारखी नखे, आणि एवढ्याशा नाकात नळी. पूर्णिमा काचेवर हात ठेवून उभी राही. मरियामातेला मेणबत्ती बोलावी, तर मेणबत्ती कोणीही देतो. द्यायचेच तर आपल्याजवळचे सगळ्यात चांगले द्यावे, असे तिला वाटले.

"ही घरी येऊ दे," ती काचेला म्हणाली. "मी जन्मात कुणाला टोमणा मारणार नाही."

मुलगी घरी आली. दूध पिऊ लागली, ढेकर देऊ लागली, आईचे बोट एकदा धरले की सोडेनाशी झाली. मरियामातेने आपली बाजू चोख पाळली. (ती पुण्याची नव्हे.)

नवस खाजगी होता. म्हणजे पूर्णिमाच्या सासूबाईंनी, मुक्ताईंनी, तो फक्त खडकी स्टेशनपर्यंतच सांगितला. परिणाम लगोलग दिसू लागले. सोसायटीचे चेअरमन हिंदुराव, ज्यांच्या वावरात ही इमारत उभी राहिली होती, आपली जीप साळव्यांच्या तळमजल्यावरच्या दाराला टेकवून लावू लागले. मुक्ताईंचे सल्ले पूर्वी अर्ध्यावर थांबत, ते आता पूर्ण होऊ लागले. चर्चमध्ये फादर कोंडीराम यांचे प्रवचन पूर्वी पूर्णिमाच्या "फादर, आज भूक छान लागली" या अभिप्रायाच्या धाकाने वेळेत आटपे. आता त्यात जुना करार अगदी सुरुवातीपासून येऊ लागला. पाहणीअंती असे आढळले की टोमणे बंद केल्याने शंभरातल्या शंभर माणसांचे स्वभाव सुधारत नाहीत, नुसते ऐसपैस होतात. (पाहणी खिडकीतून, बाळाला थोपटता थोपटता करण्यात आली.)

सर्वात ऐसपैस झाला तो नवरा. दिग्विजय सॉफ्टवेअर कंपनीत होता. सन दोन हजार उजाडताच अमेरिकेतले संगणक भांबावतील, म्हणून त्यांच्यातल्या वर्षांचे दोन आकडे चार करून देण्याचे काम तो करी. त्याबद्दल कंपनीने त्याच्या गळ्यात ओळखपत्राचा एक पट्टा घातला होता आणि दिग्विजय तो जेवतानाही काढत नसे. एका संध्याकाळी पट्टा आमटीत जाऊ नये म्हणून खांद्यावर टाकत त्याने जाहीर केले,

"बेबीचं नाव ठरलं. जावा."

"कुठल्या संताचं?" मुक्ताईंनी विचारले.

"संत नाही गं आई, लँग्वेज आहे. कॉम्प्युटरची. पुढची शंभर वर्षं हीच चालणार."

"मग पुढे मरिया लावू. मरिया जावा. मरिया लावलं की काहीही खपतं."

मराठीत दिराच्या बायकोला जाऊ म्हणतात, आणि एकीपेक्षा जास्त असल्या की त्यांच्या जावा होतात. मुक्ताईंना स्वतःला तीन जावा होत्या आणि तिघींशीही त्यांचा अबोला होता. तरी शब्द कानावरून सरकन निघून गेला. पूर्णिमाच्या मात्र तोंडात वाक्य तयार झाले. चांगले वाक्य होते. ते दातांपर्यंत आले, तेवढ्यात मांडीवरच्या बाळाने झोपेत तिचे बोट आवळले, आणि तिने ते वाक्य आमटीच्या घोटाबरोबर गिळले. मग साध्या मराठीत म्हणाली, "मला हे नाव नको."

"नोटेड," दिग्विजय म्हणाला.

"एवढंच बोलली?" मुक्ताई मुलाकडे वळल्या. "म्हणजे मनातून पसंत आहे तिला. नसतं तर गप्प बसली असती होय?"

तर्क बिनतोड होता. ज्या घरात नकार नेहमी टोमण्यातून येतो, तिथे नुसता नकार हा होकारच धरला जातो. बाप्तिस्मा रविवारी होता. डोक्यावर पाणी पडले की नाव जन्माचे, आणि शाळेतली मुले तर नावे आईबापांपेक्षाही बारकाईने वाचतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सासूबाईंचा डोळा लागल्यावर, पूर्णिमा बाळाला दुपट्यात गुंडाळून फादर कोंडीराम यांच्याकडे गेली. फादरांनी जाडजूड पुस्तक उघडले.

"नवस करताना कुणी जबरदस्ती केली होती? अन्यायानं धाक घातला असेल, तर नवस मुळातच बाद."

"नाही, फादर."

"भीती होती?"

"होती." तिने दुपटे थोडे बाजूला करून दाखवले. "हिची होती. जाईल म्हणून."

फादरांनी बाळाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. "ती भीती कायद्यात बसत नाही," ते हळूच म्हणाले. "पूर्ण शुद्धीवर होतीस?"

"सासूबाई शेजारी बसून इतरांच्या सुनांची बाळंतपणं कशी सुखरूप झाली ते सांगत होत्या. पूर्ण शुद्धीवर होते."

फादरांनी चष्म्यावरून पाहिले. "हा टोमणा होता?"

"माहिती होती, फादर."

"हं. आता राहिला तिसऱ्याचा हक्क. ते मला विचारावं लागेल."

त्यांनी विचारले. शनिवारी संध्याकाळी चर्चच्या कचेरीत सर्व संबंधित जमले, आणि एका खाजगी नवसावर किती लोकांचा संसार चालला होता, ते उघडकीस आले.

"आमची काय बी हरकत नाय," हिंदुराव म्हणाले. "पर जीप लावतोय तवापासून बाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. गाडीला आता त्या जागेची सवय झाली हाय. सवयीला कायतरी हक्क असंलच की."

"मला मेलीला कसला हक्क," मुक्ताई म्हणाल्या. "पण मी काय बोलते ते आत्ता कुठं माझं मला शेवटपर्यंत ऐकायला मिळतंय, फादर."

दिग्विजयचे म्हणणे थोडक्यात होते. "चालू सिस्टीमला हात लावू नये. वर्किंग फाइन आहे."

फादरांनी घसा साफ केला. ते प्रामाणिक गृहस्थ होते. "प्रवचनाच्या बाबतीत," ते म्हणाले, "मलाही थोडासा हक्क प्राप्त झालेला दिसतो. चार हक्क. मोकळीक देता येत नाही, पूर्णिमा."

तेवढ्यात बाळ उठले आणि उद्या आपले काय होणार आहे याची काहीच कल्पना नसल्यामुळे सगळ्यांकडे पाहून हसले. पूर्णिमाने त्या बोळक्या हसण्यावरची लाळ पदराने पुसली.

"फादर, सुटत नसेल तर बदलता तरी येतो का नवस?"

"बदलता येतो की." फादरांनी पान उलटले. "तेवढ्याच किंवा त्याहून चांगल्या गोष्टीत बदलायचा असेल, तर माझी परवानगीही लागत नाही. ज्याचा नवस त्यानं आपला आपण बदलायचा. कुणाला विचारायचं कारण नाही."

(येथे एका टोमण्याची जागा होती. ती कोरी ठेवण्यात आली आहे.)

"मग टोमणा न मारण्यापेक्षा चांगलं काय असतं?" तिने विचारले.

"स्तुती," फादर म्हणाले. "माणसातलं चांगलं पाहावं आणि तोंडभर सांगावं."

सूचना एकमताने आवडली. हिंदुरावांनी मान हलवली, मुक्ताईंनी पदर सावरला, दिग्विजयने पट्टा सरळ केला. स्तुतीला कोण नाही म्हणतो? पूर्णिमाने बाळाच्या टाळूवर हात ठेवला आणि तिथल्या तिथे नवस बदलला: यापुढे ज्याच्याविषयी बोलेन, चांगलेच बोलेन.

मग ती नवऱ्याकडे वळली.

"अहो, तुमच्या दूरदृष्टीचं मला फार कौतुक वाटतं," ती मनापासून म्हणाली. "बाकीच्या मुलींना लग्न होईपर्यंत वाट बघावी लागते. आपल्या मुलीला बापानं पाळण्यातच जावा आणून दिल्या."

पहिल्यांदा हिंदुराव हसले. मग त्यांचे हसणे थांबता थांबेना. मुक्ताईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"जावा?" त्या म्हणाल्या. "अरे दिग्विजय, त्या जावा? माझ्या तीन कमी पडल्या होत्या का रे मेल्या? रोज पाळणा हलवत मी त्यांचं नाव घेऊ?"

दिग्विजय दोन्ही हातांनी पट्टा धरून बसून राहिला. जन्मात पहिल्यांदाच तो मराठीत विचार करत असावा.

"हिंदुरावकाका," पूर्णिमा पुढे म्हणाली, "जमीन गेली तरी तुमची माया गेली नाही हो. रोज आमच्या उंबऱ्याला येऊन टेकते."

"म्हंजी काय म्हनायचं हाय?"

"चांगलंच म्हणायचंय."

"आणि फादर," ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तुमचं प्रवचन ऐकलं की स्वर्ग किती लांब आहे ते नीट कळतं."

फादरांनी पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळले. स्तुतीची व्याख्या त्यात कुठेही दिलेली नव्हती. नवस कायदेशीर होता.

रविवारी प्रवचन वेळेत संपले. मुलीचे नाव मरिया सृष्टी ठेवण्यात आले. पाणी डोक्यावर पडताच ती सणसणीत रडली, आणि आजीने "आईवर गेलीय" असे मत दिले. जीप कुंपणाच्या कडेला गेली. हल्ली इमारतीत पूर्णिमाने कोणाविषयी काही म्हटले की माणसे आधी घाबरून विचारतात, "चांगलं तर नाही ना म्हणाली?"

हा वृत्तांत कोणीतरी शेवटपर्यंत वाचत बसले आहे, असे तिच्या कानावर आले, तेव्हा ती सृष्टीला खांद्यावर घेऊन ढेकर काढत होती. नवसाला जागून ती बाळाच्या कानात म्हणाली,

"किती चांगली माणसं असतात बघ, सोन्या. स्वतःच्या घरचं सगळं टाकून दुसऱ्याच्या घरातलं एवढं मन लावून वाचतात."