बदक परत येतं

त्या बेटावर बदकाबद्दलचं विधान दर दहा वर्षांनी नव्याने करावं लागतं; केलं नाही तर बदक येत नाही. मी सांगलीहून नॉर्वेतल्या त्या ग्रामकचेरीत सहा महिन्यांच्या कामाला गेले, तेव्हा हा नियम मला पहिल्याच दिवशी छापील कागदावर वाचायला दिला. मी वाचला आणि खाली सही केली.

कचेरीत दोन खिडक्या होत्या. ‘माझं बदक लंगडतं’ अशा एकट्यादुकट्याच्या गोष्टी पहिल्या खिडकीवर. दुसरीवर सबंध जातीबद्दल बोलायचं, आपण ‘वाघ गवत खात नाही’ म्हणतो तसं. फरक इतकाच की तिथे ती जात स्वतः ऐकायला येते.

एका माणसाच्या नावावर एकच जात. माझ्या वरिष्ठ टूरिडबाई, त्यांच्याकडे बटाटा होता. (तिथे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात; मला ते शेवटपर्यंत जमलं नाही.) बदक होतं ओडवार आजोबांकडे. किनाऱ्यावर त्यांनी दगड आणि फळ्यांची सोळा बुटकी घरं बांधली होती. दर वसंतात त्यांत वाळलेलं समुद्री शेवाळ अंथरायचं, बदकांनी येऊन अंडी घालायची, पिल्लं घेऊन ती गेली की मागे राहिलेली मऊ पिसं वेचायची. एक्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात आजोबांनी दुसरं फारसं काही केलं नव्हतं. जानेवारीत त्यांची वाचा गेली. विधानाची मुदत होती एकतीस मार्च, दुपारी बारा.

“बेटावरच्या प्रत्येकाच्या नावावर काही ना काही आहे,” टूरिडबाई म्हणाल्या. “मोकळी तूच.”

“मला नाही जमणार. म्हणजे, बहुतेक नाही.”

“तेवढं ‘बहुतेक’ बाहेर ठेवून ये. शेजारच्या बेटावर एकाने माशाच्या विधानात ‘सहसा’ घातलं. आता तिथे मंगळवारी मासा येत नाही.”

मी फोन वाजला तरी दचकते. भर पावसात उभी असले तरी ‘पडतोय वाटतं’ असंच म्हणते. रात्रभर मला एकच शंका छळत होती, ती सकाळी विचारली.

“एखादं बदक नाहीच आलं, तर मी खोटी पडेन ना?”

“कशी? जे येत नाही ते येत नाही. बदक येतं.”

पावणेबाराला आजोबा धुतलेला स्वेटर घालून आले. बाह्यांना शेवाळाचा चुरा लागला होता, म्हणजे घरं तयार होती. बाकावर ते बसले नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आज चुकलं तर पुढची संधी दहा वर्षांनी, आणि आजोबांपाशी दहा वर्षं नव्हती. खोलीतल्या तिघांनाही ते माहीत होतं.

मग दार ढकलून बदक आत आलं.

ते एक होतं की पुष्कळ, मला सांगता येत नाही. दारातून एकच आलं. पण ओल्या पावलांचे ठसे अख्ख्या फरशीभर उमटले, खिडकीतला उजेड पंखांनी अडला, आणि त्याच्या एका डोळ्यात मला त्या किनाऱ्यावर आजवर उतरलेली सगळी दिसली, अजून अंड्यातही नसलेलीसुद्धा. मी दचकायचं विसरले.

टूरिडबाईंनी चष्मा लावला. “जात हजर आहे. बोल.”

“बदक परत येतं,” मी म्हणाले.

पुढे काहीतरी जोडावं म्हणून जीभ वळवळली. मी ओठ गच्च मिटले. बदकाने मान कलती करून जरा वेळ माझ्याकडे पाहिलं, आणि ते गेलं. बाराला तीन मिनिटं होती.

आम्ही किनाऱ्यावर गेलो. समुद्र क्षितिजापर्यंत बदकांनी काळापांढरा झाला होता. ती काठावर चढली, आमच्या पायांजवळून डुलत गेली आणि एकेका घरात शिरली. आजोबा बोटाने मोजत होते. पंधरा घरं भरली. सोळावं नाही. आम्ही थांबलो, तरी नाही. आजोबांनी वाकून त्या घरातलं शेवाळ पुन्हा सारखं केलं. मग त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

“एक घर रिकामं राहिलं, ते लिहायचं ना?” कचेरीत परतल्यावर मी टूरिडबाईंना विचारलं.

“ते पहिल्या खिडकीवरचं. त्याचा इथे काय संबंध,” त्या म्हणाल्या, आणि तारीख-वेळ टाकून त्यांनी नोंदवहीत लिहिलं: बदक आलं.